‘कुठल्याही देवाचा चालेल’ : पाच पुजारी घडवताना गेलेले आठ महिने

“कुठल्या देवाचा पुजारी करतोयस?” मी विचारलं.

“कुठल्याही देवाचा चालेल गं ताई. जखमा भरता आल्या म्हणजे झालं.”

ही गोष्ट गेल्या जूनमधल्या पहिल्या रविवारची. आम्ही टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा आणि पात्रं वठवण्याचा खेळ खेळतो. आमच्या कॅम्पेनची, म्हणजे सलग चालणाऱ्या गोष्टीची, चौदा सेशन झाली होती, एक खेळाडू गळाला होता आणि त्याच्या जागी माझा मामेभाऊ क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारा पुजारी, घेऊन येणार होता. गेम मास्टर, म्हणजे जग रचून गोष्ट चालवणारी, मी. सहा देव मी स्वतः रचलेले: प्रकाशाचा उजळा, पिकांची सुगी, युद्धाचा पोलाद, करारमदारांचा तोल, वाटांचा आणि वाट चुकण्याचा चकवा, आणि मृत्यूचा निवांत. नावं ठरवायलाच मला एक अख्खा महिना लागला होता. आणि या पठ्ठ्याला त्यातला कुठलाही चालणार होता.

राग आला. पण रात्री सेशनच्या नोंदी चाळल्या तेव्हा तो उतरला. चौदा सेशनमध्ये पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, पाच वेगवेगळ्या देवळांतले पाच पुजारी भेटले होते. पाचही जण वयस्कर, पाचही जण कनवाळू, पाचही जणांनी सोन्याची नाणी घेऊन हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय ते मोजणारे गुण) भरून दिले होते. झग्याचा रंग तेवढा बदलला होता. मी देव सहा लिहिले होते आणि पुजारी एकच.

त्या एकाचे अनेक करायला मला जून ते जानेवारी असे आठ महिने लागले. यातला निम्मा वेळ सरळ वाया गेला. कुठे गेला ते सांगते, म्हणजे तुमचा तरी वाचेल.

पहिले तीन आठवडे मी पुराणं लिहीत बसले. विश्व कसं झालं, उजळा आणि निवांत सख्खे भाऊ कसे, सुगीने चकव्याशी लग्न का मोडलं, अशी अकरा पानं टाइप करून ग्रुपवर टाकली. चार खेळाडूंपैकी एकीने ‘मस्त!’ लिहिलं, बाकी तिघांनी अंगठा दाखवला. पुढच्या रविवारी सहज विचारलं, तर सुगी देव की देवी इथपासून गोंधळ. दोष त्यांचा नव्हता. टेबलावर बसलेल्या माणसाला देवांचे नातेसंबंध कधी लागतच नाहीत. त्याला लागतं ते एवढंच की समोरच्या दारातून जो पुजारी बाहेर येतोय तो काय म्हणेल. ती अकरा पानं अजून तशीच पडून आहेत. त्यातली दोन वाक्यं पुढे उपयोगी पडली.

जुलै गेला नियमांत. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम वापरतो. मला वाटलं, गोम इथेच असणार, आणि थोडीफार होतीही. या आवृत्तीत सगळे क्लेरिक एकाच यादीतून रोजचे स्पेल, म्हणजे मंत्र, तयार करतात. देव बदलला की डोमेन (देवाचं खास क्षेत्र) बदलतं, आणि डोमेनमुळे १, ३, ५, ७ आणि ९ या लेव्हलना दोन-दोन स्पेल जास्तीचे मिळतात. बाकीचं ताट सगळ्यांना सारखं. मग युद्धदेवाचा पुजारी असो की मृत्युदेवाचा, ऐनवेळी ‘हीलिंग वर्ड’ हा जखम भरणारा स्पेलच ओरडणार, कारण तेच सगळ्यात सोयीचं. एसआरडी ५.१ या फुकट मिळणाऱ्या नियमसंचात तर क्लेरिकचं डोमेनच एक आहे: लाइफ, म्हणजे जखमा भरण्याचं. नवा खेळाडू तिथून सुरुवात करतो आणि पुजारी म्हणजे चालता-बोलता मलमपट्टीचा डबा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

मागे जाऊन बघितलं तर हे दुखणं जन्मापासूनचं निघालं. १९७४ च्या पहिल्या खेळात पात्रांचे तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक. क्लेरिकचा उगम खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेव्ह आर्नेसनच्या ब्लॅकमूर कॅम्पेनमध्ये. तिथे एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन डोईजड झाला होता, त्याला आवर घालायला कुणीतरी हवं होतं, म्हणून हा व्हॅम्पायर-शिकारी पुढे आला. म्हणजे हा पुजारी कुठल्या देवळातून आलेलाच नाही. तो एका अडचणीवरचा तोडगा होता, आणि देव त्याला नंतर चिकटवला गेला. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. मीही तेच करत होते.

यावर उपाय शोधणारेही बरेच झाले. १९७८ च्या रूनक्वेस्ट या अशाच दुसऱ्या खेळात प्रत्येक देवाचा स्वतंत्र पंथ होता. आत शिरायच्या अटी वेगळ्या, मिळणारी जादू वेगळी. १९८९ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीने स्पेलचे ‘स्फिअर’, म्हणजे विषयवार गट, पाडले आणि कुठल्या देवाच्या पुजाऱ्याला कुठले स्फिअर खुले, कुठले अर्धवट आणि कुठले बंद हे ठरवता येऊ लागलं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत दोन डोमेन निवडा अशी सुटसुटीत सोय झाली. पाथफाइंडर या आणखी एका खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक देवाखाली त्याच्या आज्ञा आणि त्याला न चालणाऱ्या गोष्टी अशा दोन ओळी छापलेल्या असतात. माझ्या मते आजवर सगळ्यात जास्त काम कुणी केलं असेल तर या दोन ओळींनी. पण ही अक्कल मला जुलैत नव्हती. जुलैत मला स्फिअरच आवडले होते.

म्हणून मी एक्सेल उघडलं. क्लेरिक आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा वर्ग) यांचे सगळे स्पेल उभे, सहा देव आडवे, आणि चौकोनात टिकमार्क. रोज रात्री दोन तास, असे चार आठवडे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मामेभावाने पोलादच्या नव्या यादीने खेळून बघितलं. सेशन संपल्यावर बाकीच्या तिघांना विचारलं, “काही वेगळं वाटलं का?”

“कशात?” एकीने विचारलं.

तिचंही बरोबर होतं. यादीतला फरक ज्याच्या हातात यादी आहे त्यालाच दिसतो. टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांना फक्त ऐकू येतं: “मी स्पेल टाकतो.” पन्नास-साठ तास पाण्यात. एक्सेलला हात लावायच्या आधी तुमच्या टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा, की शेजारच्या खेळाडूच्या क्लेरिकने गेल्या वेळी कोणते स्पेल वापरले ते आठवतंय का. उत्तर ऐकलंत की एक्सेल आपोआप मिटेल.

मग दोन आठवडे मी काहीच केलं नाही. कॅम्पेन बंद ठेवलं. खरं सांगायचं तर लाजच वाटत होती.

वाट सापडली ती खेळांच्या पुस्तकांबाहेर. सहज म्हणून जुन्या रोममधल्या पुरोहितांबद्दल वाचत होते. ज्युपिटरचा मुख्य पुरोहित, फ्लामेन डियालिस, याला काय काय करता येत नव्हतं याची यादी सापडली आणि मी खुर्चीत सरळ बसले. घोड्यावर बसायचं नाही. शहराबाहेर सज्ज उभं असलेलं सैन्य बघायचं नाही. लोखंडाने केस कापायचे नाहीत. अंगावरच्या कपड्यांत कुठेही गाठ नको. शेळीला शिवायचं नाही, घेवड्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही, प्रेताला हात लावायचा नाही. या माणसाला कुठली शक्ती होती हे कळायच्या आधीच तो मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. बिनगाठीच्या कपड्यात चालताना तो कमरेचं वस्त्र एका हाताने धरत असेल का, हा प्रश्नही पडला.

मग वाचतच गेले. इजिप्तमधल्या देवळांत पुजाऱ्यांच्या चार पाळ्या असायच्या. एक पाळी एक महिना देवळात राबायची, मग तीन महिने आपापल्या घरी, आपापल्या धंद्यावर. म्हणजे तिथे पुजारीपण ही पाळीपाळीने करायची चाकरी होती. आपल्याकडच्या श्रौत यज्ञात एकाच कर्मात चार मुख्य ऋत्विज: होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू हाताने काम करतो, उद्गाता गातो, आणि ब्रह्मा बहुतेक वेळ गप्प बसून कुठे काही चुकतंय का ते बघतो. एका अग्नीभोवती चार वेगळ्या स्वभावाची माणसं! आणि मला सहा देवांत मिळून दोन उभी करता येत नव्हती.

तेव्हाच ध्यानात आलं की माझा घोळ शब्दापासूनच होता. मराठीत पुजारी, पुरोहित, उपाध्याय, महंत, भगत, मांत्रिक हे सगळे शब्द वेगळे आहेत, कारण त्या माणसांकडे जायची कारणं वेगळी आहेत. ‘क्लेरिक’ म्हटलं की सगळे एका पोत्यात. मी इतके दिवस विचारत होते, या देवाची शक्ती काय. विचारायला हवं होतं, या माणसाच्या दारावर रात्री-अपरात्री कोण टकटक करतं आणि कशासाठी. आणि दुसरं, तो कशाला नाही म्हणतो.

सप्टेंबरमध्ये मी प्रत्येक पुजाऱ्यासाठी एकच पान ठरवलं. वरच्या अर्ध्यात लोक याच्याकडे का येतात, हा काय करत नाही, आणि जखम भरताना हा नेमकं काय करतो. खालच्या अर्ध्यात नियम, जास्तीत जास्त आठ ओळी. जखम भरण्याचा प्रश्न मुद्दाम घातला. हीलिंग काढून टाकलं तर खेळ लंगडतो. ते सगळ्यांकडे राहू दे, पण प्रत्येकाची अट वेगळी, असं ठरवलं.

आता थोडं कागदोपत्री. घरगुती नियम आणायचा तर आमच्या टेबलाची एक रीत आहे, आणि ती कंटाळवाणी असली तरी पुढे तिनेच वाचवलं. पानाच्या डोक्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख. तळाला ‘काय बदललं आणि का’ अशी नोंद. नियम तीन सेशन चाचणीवर राहतो, मग चौघांचं मत घेतो. एकट्याचाच विरोध असला तरी त्याचं कारण पानावर लिहायचं. सेशन चालू असताना वाद झाला तर दोन मिनिटं, मग मी देईन तो निर्णय, आणि वाद वेगळ्या वहीत. ही वही नक्की ठेवा. सहा आठवड्यांनी ‘तू तेव्हा उलटं म्हणाली होतीस’ हे वाक्य येतंच येतं.

आणि एक परवानगी अशी, जी पानावर मावत नाही. निवांतचं पान लिहून झालं तेव्हा लक्षात आलं की आमच्यातल्या एकाच्या घरी त्याच वर्षी दुःखद घटना घडली होती. टेबलावर मृत्युदेवाचा पुजारी येणार, मरणाऱ्याशी बोलणार, हे त्याला आयत्या वेळी कळणं बरं नव्हतं. मी त्याला ग्रुपवर न लिहिता वेगळा मेसेज केला: असं असं पात्र आहे, नको असेल तर कारण न सांगता नको म्हण, मी पान बाजूला ठेवेन. उत्तर आलं नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांत मी निवांतचं पान तीनदा फाडायला घेतलं. उत्तर एका ओळीचं होतं: “मीच खेळतो त्याला. चालेल का?”

चाचणीसाठी मी मूळ कॅम्पेन बाजूला ठेवलं आणि चौघांनाही पुजारीच दिले. पार्टीत योद्धा नाही, चोर नाही, जादूगार नाही, चार देवांचे चार पुजारी. हे माझ्या डोक्यातून निघालेलं सगळ्यात उपयोगी खूळ. चार क्लेरिकची पार्टी एकसुरी वाटली, तर तुमचे देव अजून वेगळे झालेले नाहीत. दुसरी परीक्षा घ्यायची गरजच पडत नाही. मामेभावाला पोलाद, हिशोबाच्या नोकरीतल्या मैत्रिणीला तोल, ऑफिसमधल्या सहकाऱ्याला चकवा, आणि चौथ्याला निवांत.

ऑक्टोबरचं पहिलं सेशन पोलादच्या पुजाऱ्याने बुडवलं.

पोलादच्या पानावर मी रोमची सरळ उचलेगिरी केली होती. रोममध्ये फेटियालेस नावाचं वीस पुरोहितांचं मंडळ होतं. युद्ध पुकारण्याआधी शत्रूकडे जाऊन मागणी मांडायची, मुदत द्यायची, आणि मुदत संपली की साक्षीदारांसमोर शत्रूच्या जमिनीत भाला फेकायचा, हे त्यांचं काम. मला हे फार आवडलं. युद्धदेवाचा पुजारी म्हणजे चिलखतातला अजून एक योद्धा कशाला हवा? योद्धे आहेतच की. म्हणून माझा पोलादचा पुजारी पोलादाला शिवत नाही. हातात लाकडी काठी. लोक त्याच्याकडे युद्ध सुरू करायला आणि संपवायला येतात. पुकारा होईपर्यंत त्याच्यावर ‘सँक्चुअरी’ कायम असतो, म्हणजे त्याच्यावर वार करू बघणाऱ्याला आधी विस्डम सेव्ह, म्हणजे शहाणपणाच्या गुणावरची फाशाची फेक, जिंकावा लागतो. पण कारण आणि मागणी शत्रूला ऐकवल्याशिवाय त्याचा एकही मंत्र लढाईत चालत नाही.

पडक्या गिरणीत सहा तस्कर झोपलेले. चकव्याचा पुजारी मांजराच्या पावलांनी आत शिरलेला. आणि मामेभाऊ माझ्याकडे बघतोय.

“ताई, म्हणजे मी यांना उठवून सांगायचं, की ऊठ बाबा, तुला मारायला आलोय?”

“हो.”

“आणि ते पळाले तर?”

“मग युद्ध टळलं. पोलादला चालतं.”

“पोलादला चालतं गं, आम्हाला नाही ना चालत!” तोलवाली म्हणाली. दोन मिनिटं संपली, वहीत नोंद झाली, पुकारा झाला, सहापैकी चार तस्कर मागच्या खिडकीतून पसार झाले. त्या रात्री घरी येऊन मी नियम मऊ करायला बसले होते. पण तीन सेशन थांबायचं असं ठरलेलं, म्हणून थांबले.

तिसऱ्या सेशनला मामेभाऊ गप्प होता. पार्टी किल्ल्याबाहेरच्या झाडीत दबा धरून. त्याने सांगितलं, “माझ्या कमरेला एक पिशवी आहे. गेल्या वेळी आपण या किल्ल्यावरून आलो ना, तेव्हा मी खंदकातली मूठभर माती घेतली होती. वहीत बघ.” बघितलं. होती, त्याने तेव्हा म्हटलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं. “ती माती मी इथे पसरतो. ही त्यांची जमीन. तिच्यावर उभा राहून, कुजबुजून, मागणी सांगतो. मग तिच्यात लाकडी खुंटी रोवतो.”

टेबलावर एक क्षण शांतता, मग जो काय गोंधळ झाला! मी हो म्हटलं. गंमत पुढे आहे. नंतर शोधलं तर रोमनांनी नेमकं हेच केल्याची कथा नोंदलेली आहे. पिऱ्हसविरुद्धच्या युद्धात शत्रूची भूमी समुद्रापलीकडे, तिथवर भाला फेकणार कसा? म्हणून पकडलेल्या एका शत्रुसैनिकाला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला, तो तुकडा शत्रूची भूमी धरला, आणि भाला तिथे फेकला. मामेभावाला हे माहीत नव्हतं. अट नीट आणि अडचणीची असली की खेळाडू स्वतःच पुरोहितासारखा विचार करायला लागतो, पळवाटेसकट. पान १.२ : ‘माती चालते, पण स्वतःच्या हाताने आणलेली.’ पुढच्या दोन महिन्यांत या चौघांनी माती चोरायला जेवढ्या मोहिमा काढल्या तेवढ्या खजिन्यासाठी कधी काढल्या नव्हत्या.

तोलच्या पुजारिणीत चूक माझी होती. कल्पना अशी की ती फुकट काही देत नाही आणि घेतही नाही. भरलेल्या प्रत्येक जखमेची वहीत नोंद, आणि परतफेड होईपर्यंत त्या माणसाला पुन्हा हात लावायचा नाही. आमच्या मैत्रिणीने खरीखुरी वही आणली, रकाने आखले, आणि दुसऱ्या सेशनला चाळीस मिनिटं कुणाचे किती हिट पॉइंट बाकी यावर गेली. तिला मजा येत होती. बाकी तिघं मोबाइल बघत होते. शेवटी आकडेच काढून टाकले. आता जखमेच्या बदल्यात वचन द्यायचं, एका वाक्याचं, आणि वहीत एका वेळी तीनच वचनं उघडी राहू शकतात. वचन मोडलं की भरलेली जखम परत उघडते. पहिलं वचन मामेभावाने दिलं: “परत कधी दार लाथेने उघडणार नाही.” तीन सेशन बिचारा प्रत्येक दारावर टकटक करून वाट बघत उभा राहायचा.

चकव्याचं पान मी एका बैठकीत लिहिलं होतं आणि त्यावर मी भलतीच खूश होते. रोज एक खोटं बोलायचंच, पण एकाच माणसाशी दोनदा नाही. देऊळ नाही, खूण नाही. हरवलेली माणसं त्याच्याकडे येतात आणि जी हरवायला हवीत त्यांना तो हरवतो. कागदावर सुंदर. टेबलावर काय झालं ते अनुभवी लोकांनी ओळखलंच असेल. सहकारी पार्टीशीच खोटं बोलत सुटला. दोनदा चुकीच्या बोगद्यात नेलं आणि वर म्हणाला, “माझ्या कॅरेक्टरचा स्वभावच तसा आहे.” हे वाक्य ऐकलं की मला आता नियमातच भोक दिसतं. खेळाडूला समजावून ते बुजत नाही, नियमच शिवावा लागतो. म्हणून शिवला: चकवा ज्याला फसवतो त्याचं देणं लागतो. फसलेल्याला पुढच्या कुठल्याही एका फेकीत ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. पुढच्याच सेशनपासून पार्टी त्याला विनवायला लागली, “आज मला फसव ना!” तो आणि तोलची पुजारीण एकाच रस्त्याने जाताना जी धुसफूस व्हायची (ती वचनं बांधतेय, हा खोटं बोलायला बांधील) ती लिहून कधी जमली नसती.

निवांतच्या पुजाऱ्याला मी काळे कपडे आणि कवट्या दिल्या नव्हत्या. तो गावातला शांत माणूस आहे. कुणाचं संपत आलं की घरचे त्याला बोलावतात आणि तो उशाशी बसतो. तीन रात्री मृताचं नाव घेत नाही. ‘पुरे’ म्हणालेल्या माणसाला तो बरं करत नाही, कुणी कितीही पाय धरले तरी. नियम एवढाच: कुणी शून्य हिट पॉइंटवर पडलं की तो त्याच्याजवळ बसून एक प्रश्न विचारू शकतो. खरं उत्तर मिळालं तर त्याचा एक फसलेला डेथ सेव्ह (जीव वाचवण्यासाठीची फाशाची फेक) पुसला जातो.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मामेभाऊ पडला. पाचव्या आवृत्तीत अशा वेळी दर फेरीला वीसबाजूचा फासा टाकायचा, दहा किंवा वर आलं तर एक यश. तीन यशं आधी की तीन अपयशं आधी, यावर जीव. त्याची दोन अपयशं झाली होती. एरवी इथे आरडाओरडा असतो, कोण ‘हीलिंग वर्ड’ टाकतंय, कुणाची पाळी. चौथा म्हणाला, “मी त्याच्याजवळ बसतो.” मग बराच वेळ काही बोललाच नाही. मी मधे पडणार होते, पण थांबले.

“कुणाला काही सांगायचं राहिलंय का?” त्याने विचारलं.

मामेभाऊ हसून टाळेल असं वाटलं होतं. त्याने फासा खाली ठेवला. “हो,” म्हणाला, “पहिल्या गिरणीतला एक तस्कर माझ्या ओळखीचा होता. मी मुद्दाम मोठ्याने पुकारा केला. तो पळावा म्हणून.”

हे मलाही माहीत नव्हतं. त्याने ते तेव्हाच ठरवलं होतं की आत्ता सुचलं, मी विचारलं नाही. एक अपयश पुसलं, पुढचा फासा चौदा पडला, आणि तो वाचला. सेशन तिथेच थांबवलं. निघताना चौथा म्हणाला, पान असंच ठेव, काही बदलू नकोस. आवृत्ती १.० वर राहिलेलं ते एकमेव पान.

सुगीचं लवकर झालं. तिच्या पुजाऱ्यांना मी इजिप्तच्या पाळ्या दिल्या: एक महिना देवळात, तीन महिने शेतात किंवा कुंभारकामात. पार्टीला दर वेळी वेगळाच माणूस भेटतो, आणि ‘मागच्या वेळचा कुठे?’ विचारलं की, “त्याची पाळी संपली, तो मडकी भाजतोय.” खेळाडूच्या हातात हा पुजारी अजून दिलेला नाही, तीन महिने शक्तीच नाही हे कोण पत्करणार?

जानेवारीच्या शेवटी मतं घेतली. पोलाद आणि निवांत एकमताने, तोल तीन विरुद्ध एक (कारण लिहिलंय: “वही माझ्याकडे द्या”), चकव्याची आणखी तीन सेशन चाचणी, सुगी फक्त माझ्या हातातल्या पात्रांपुरती. खर्च म्हणाल तर पैशाचा काहीच नाही. वेळ मात्र दीडशे तासांच्या आसपास, त्यातला टेबलावर दिसतो तो चाळीसेक तासांचा. आता कुणी विचारलं तर सांगते, दोन देव घ्या, दोन पानं लिहा आणि लगेच खेळायला बसा. सहा देवांचा घाट पहिल्याच दिवशी घालू नका.

सहावं पान उजळाचं. सगळ्यात सोपं म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. प्रकाश, आरोग्य, दयाळू म्हातारा, मूळचा तो झगा. त्याच्याकडे लोक का येतात हे लगेच लिहिता आलं. तो कशाला नाही म्हणतो, तिथे आठ महिन्यांनंतरही एकच ओळ आहे, ‘कशालाच नाही’, आणि ती मी पेन्सिलने लिहिली आहे.